माशांच्या पेटीखालचं कपाट

हे गेले. सकाळ होती. मी चहा गाळत होते. गाळणं ठेवून आत गेले तेव्हा श्वास थांबला होता. मुलगा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली आणि सही केली.

तेराव्याला माणसं जमली. कुणी म्हणालं, शांत माणूस. कुणी म्हणालं, हातात कला होती, बंद पडलेलं काहीही चालू करायचे. मग एका भाचीने मला विचारलं, "मामी, तुम्हीपण दोन शब्द बोलता का?" मी पदर तोंडाला लावला. मला हसू येत होतं. खांदे हलायला लागले तशा दोघीतिघी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, आणि त्या जितक्या हळुवार हात फिरवत होत्या तितकं मला आवरेना. शेवटी मला आत नेऊन निजवलं.

मला आठवत होतं ते आमच्या परळच्या खोलीतलं कपाट, आणि त्यात घातलेली आमची दोन डोकी. हे तेराव्याला चार माणसांत कसं सांगणार? म्हणून आता लिहिते आहे. रोज अर्धं पान होतं. घाई नाही.

खोली दहा बाय बारा, दुसऱ्या मजल्यावर. राहणारी माणसं चार: मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मामंजींनी गिरणीच्या साचेखात्यात उभा जन्म काढला होता. तिथल्या मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, आणि सगळ्या जगाचेही गेले असावेत अशा समजुतीने ते बोलत. हे दुसऱ्या एका गिरणीत वायरमन. मी गिरगावातली, मॅट्रिक झालेली. पुस्तकात डोकं घालून बसायची सवय, आणि बोलण्याची बोंब.

रात्री पुरुष गॅलरीत झोपत आणि बायका आत. लग्नाला चार महिने झाले तेव्हा आमचा एकूण संवाद असा होता: "डबा." "दिलाय." "छत्री?" "दारामागे." यापुढे जायला वावच नव्हता. एकदा मी जेवताना हळूच विचारलं, "मीठ कमी पडलं का?" तर हे तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बरा आसा," मामंजी ओरडले, "काय कमी?" आणि फळीच्या भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "नाही हो, आमटी मस्त झालीय. मघाशी वाटीभर दिलीत ना."

मला या माणसाशी बोलायचं होतं. त्याला काय आवडतं, मी वाचते ते त्याला सांगावं का, तो हसतो कधी, एवढंच. पुढे जे सगळं झालं त्यात पणाला लागलं होतं ते इतकंच. जागा हवी होती. दोन माणसांपुरती.

मामंजींनी आम्हा दोघांना एका रविवारी समुद्रकाठचं मत्स्यालय बघायला पाठवलं. सोबत सासूबाई. सासूबाई प्रत्येक काचेसमोर थांबून निकाल देत होत्या. "ह्येचा कालवण बरा जाता." "ह्यो नुसतो तळूचो." "ह्येच्यात काटे भारी, पोरांका देव नको." थोड्या वेळाने बघते तर दहा-बारा माणसं त्यांच्यामागून फिरत होती आणि एक बाई लिहून घेत होती. हे मात्र कुठेच दिसेनात. शोधलं तेव्हा एका अर्धवट उघड्या दारात वाकून आतल्या नळ्या बघत उभे होते. पहारेकरी म्हणत होता, "अहो, मासे पुढच्या बाजूला."

"बघितले," हे म्हणाले. "पाणी कुठून फिरतं ते बघतोय."

आठवड्याने जेवताना यांनी जाहीर केलं, "मी घरी समुद्राचे मासे ठेवणार."

"काय?" मामंजी.

"मासे!"

"हाडलंस? बरा केलंस. तळूक सांग."

पाळायचे आहेत, हे समजावण्यात दोन जेवणं गेली. मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू वाचतेस ना? यावर कुठं काही लिहिलेलं मिळतं का बघ." डबा आणि छत्री सोडून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि वहीत त्याचं मराठी करायला बसले.

लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा आणि पुट्टी, अशी पेटी यांनी गिरणीतल्या एका फिटरकडून करून घेतली. तिच्याखाली ठेवायला खोक्यांच्या फळ्यांचं कपाट स्वतः केलं. कंबरेएवढं उंच, चार फूट रुंद, दोन दारांचं. पेटीच्या मानाने ते फारच मोठं होतं. मी वहीतलं माप दाखवलं. हे म्हणाले, "असू दे. हात फिरायला जागा पाहिजे."

आणि मग त्या कपाटाच्या आतलं काम सुरू झालं. ते सात महिने चाललं.

माशांना सतत हवा लागते. त्यासाठी यांनी मोडक्या टेबलपंख्याची मोटर आणली आणि तिच्यावर एक तिरकं चाक बसवलं. टॅक्सीच्या भोंग्याला मागे जो रबरी फुगा असतो, तो त्या चाकाखाली ठेवला. चाक फिरलं की फुगा दाबला जायचा आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा नळीत जायची. पहिल्या दिवशी भोंगा काढायचा राहिला होता. बटण दाबताच कपाटातून टॅक्सी आली आणि मामंजींनासुद्धा ऐकू गेलं. ते उठून बाजूला झाले. भोंगा काढल्यावर नुसतं "फुस्स… फुस्स" राहिलं.

नळीसाठी हे औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "एनिमा कुणाला द्यायचाय?" यांना खोटं बोलता येत नसे. "माशांना," म्हणाले. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही, पण त्यानंतर कधीही हे दिसले की तो तब्येतीची चौकशी करायचा.

खाऱ्या पाण्याचा स्वभाव वाईट. ते वायरीवरून चढतं. सुकलं की पांढरी पापडी धरते, ओलं झालं की पुन्हा सरकतं आणि तांब्यापर्यंत पोचलं की तांबं हिरवं होतं. म्हणून कपाटातल्या जागा यांनी ठरवून दिल्या होत्या. बटणांची फळी उजव्या भिंतीला, वरच्या अंगाला. पेटीच्या बरोबर खाली कधीच नाही. मोटर फुटक्या चपलांच्या तळव्यांवर, म्हणजे थरथर होत नाही. तळाला पत्र्याची परात. आणि प्रत्येक वायर बटणाकडे सरळ न्यायची नाही. आधी तिला खाली लोंबू द्यायचं, मग वर न्यायचं. वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या लोंबत्या भागावरून टपकून परातीत पडतं, बटणापर्यंत चढत नाही. याला हे "पोट देणं" म्हणत.

हे सगळं मला कसं माहीत? कारण बॅटरी धरायला कुणीतरी लागायचं. मामंजींचा हात थरथरायचा, आणि सासूबाई बॅटरी स्वतःला हवं तिकडे मारायच्या. उरले मी. संध्याकाळी हे शिफ्ट करून आले की आम्ही दोघं कपाटासमोर गुडघे टेकून डोकी आत घालत असू. आत रबराचा, ओल्या लाकडाचा वास. कानाशी फुस्स… फुस्स. त्या आवाजात हळू बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

"पोट दे," हे म्हणायचे. "अजून. एवढं नको, बाळंतपण नाही करायचं तिचं."

म्हणजे हा माणूस विनोद करत होता. मी इतकी दचकले की बॅटरी परातीत पडली.

बाहेरून हे दृश्य कसं दिसत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. दार उघडं असायचं. गॅलरीतून जाणाऱ्यांना आमची फक्त मागची बाजू दिसायची. एकदा समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी सासूबाईंना विचारलेलं मी आतून ऐकलं, "हे दोघं रोज कपाटात काय शोधतात हो?"

"अक्कल," सासूबाई म्हणाल्या.

पाणी वरळी कोळीवाड्यातून यायचं. हे रॉकेलचे दोन धुतलेले डबे घेऊन जायचे. तिथली एक ओळखीची मासेवाली खडकातल्या डबक्यांतून मासे पकडून द्यायची: पट्ट्यापट्ट्यांचे चार आणि चिखलातली एक निवटी. ते दिवस मोर्च्यांचे होते. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून सगळी गिरणगावची वस्ती रस्त्यावर होती, आणि हातात डबा दिसला की पोलीस अडवायचे. एका हवालदाराने यांना थांबवलं.

"डब्यात काय?"

"समुद्र."

हवालदाराने बोट बुडवून चाटलं आणि थुंकला. "खारट आहे."

"हो ना."

"कुठं नेतोस?"

"घरी. मासे आहेत."

हवालदाराने बराच विचार केला. "मग समुद्र घरी नेण्यापेक्षा मासे समुद्रात नेऊन सोड ना. एकदाच जावं लागेल."

हे घरी येऊन म्हणाले, माणूस हुशार होता.

सासूबाईंना मात्र हे सगळं बघवत नव्हतं. "समुद्रात खंय बटान आसता? तरी मासे जगतत मां?" आणि मला एकटीला गाठून, "तुझो घोव माशांका वारो घालता, आणि माका पंखो नाय." घरातलं सगळ्यांत मोठं कपाट माशांनी अडवलं होतं आणि त्यांचे कांदे अजून पलंगाखाली होते. शेवटी एका सकाळी त्यांनी अट घातली.

"पयलो मासो मरतलो, त्या दिवसापासून ह्या कपाट माझा. भांडी ऱ्हवतली हेच्यात."

हे म्हणाले, "चालेल."

त्या दिवसापासून माझा जीव त्या पाच माशांत अडकला. मला मासे खायला आवडत, बघायला विशेष नाही. तरीही मी उठल्याबरोबर दात घासायच्या आधी मासे मोजायची. एक मेला की पुन्हा डबा आणि छत्री.

तोपर्यंत तडजोड म्हणून डावी बाजू सासूबाईंना मिळाली. मध्ये एक फळी उभी ठोकली. डावीकडे कांदे, सोलं, सुकटीचा डबा. उजवीकडे मोटर, नळ्या, वायरी. संध्याकाळी मामंजी मोर्च्यावरून घसा बसवून घेऊन आले आणि फळी बघून उभेच राहिले.

"मी थंय अखंड राज्यासाठी बोंबलतंय, नि हय माझ्या घरात कपाटाची फाळणी?"

"माका कांदे ठेवूक जागा व्हयी," सासूबाई.

मामंजींनी खडू घेतला. तासभर दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणजे त्यांना जेवढं ऐकू आलं तेवढं, आणि वरच्या कप्प्यात फळीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा आखला. "ह्यो कोणाचोच नाय. ह्यो दिल्लीच्या ताब्यात." आणि तिथे स्वतःची तंबाखूची डबी ठेवली. ही डबी काढण्याच्या निमित्ताने ते दिवसातून वीस वेळा आमच्या दोघांच्या डोक्यांमध्ये हात घालू लागले.

वायरी वाढल्या तशी कुठली कशाची हे कळेना. मग मी कार्डाचे तुकडे कापून, वळणदार अक्षरांत लिहून, वर मेणबत्ती घासून दोऱ्याने बांधायला लागले. "वारा." "दिवा." "हात लावू नये." एक दिवस बॅटरी मारली तर मागच्या बाजूला एका वायरीवर यांच्या अक्षरात एक कार्ड होतं. वायर कुठेच जात नव्हती. दोन्ही टोकं मोकळी. कार्डावर लिहिलं होतं, "पुस्तकात पुढे काय झालं?"

मी वाचत असलेल्या कादंबरीबद्दल यांना चार दिवसांपूर्वी अर्धवट सांगितलं होतं. मामंजींचा हात आला म्हणून राहून गेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी कार्डाच्या मागे उत्तर लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. मामंजींना यायचं, पण ते फक्त वर्तमानपत्र वाचतात असं आम्ही धरून चाललो होतो.

मग यांनी लिहिलं, "रविवारी दादर चौपाटी. दोघंच." माझं उत्तर बांधून व्हायच्या आधी तंबाखूला आलेल्या मामंजींनी ते कार्ड ओढून उजेडात नेलं आणि सबंध चाळीला ऐकवलं. "रविवारी… दादर… चौपाटी. दोघंच." मी जमिनीत शिरायला जागा बघत होते. मामंजी सासूबाईंकडे वळले. चेहरा लाल झाला होता.

"झिलान लिवल्यान. आपल्याक दोघांकच धाडता."

सासूबाईंनी पदर सावरला. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर एकट्या कुठेही गेल्या नव्हत्या. रविवारी दोघं धुतलेले कपडे घालून निघाले. मामंजी पुढे, सासूबाई सहा पावलं मागे. आम्ही गॅलरीतून बघत राहिलो. मग खोलीत आलो. खोली रिकामी. दोन-तीन तास कुणी येणार नव्हतं. हे पलंगाच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. शेवटी हे म्हणाले, "बटणं बघूया का?" आणि आम्ही कपाट उघडून डोकी आत घातली. मग जमलं बोलायला.

आता कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं.

एकदा हरताळ ठरला होता, बाजार बंद राहणार होता. म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशी दुपारीच आठ जिवंत कुर्ल्या घेऊन ठेवल्या. मासेवालीने त्यांचे डेंगे सुंभाने बांधून दिले होते. सासूबाईंनी त्या ओल्या पोत्यात गुंडाळून थंडाव्याला कपाटाच्या डाव्या बाजूला, कांद्यांशेजारी ठेवल्या आणि खाली नळावर गेल्या.

मला एक कार्ड बांधायचं होतं. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न अखेर लिहून झाला होता, आणि दोरा संपला होता. पोत्यातून सुंभाचं टोक लोंबत होतं. जास्तीचं वाटलं. मी वीतभर कापून घेतलं. माझ्या माहेरी कुर्ल्या मला भेटायच्या त्या थेट कालवणात. आठही जणींना एकाच सुंभाने गुंफतात आणि गाठ त्या टोकालाच असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्ड बांधून मी पुस्तक घेऊन बसले. तासाभराने लक्षात आलं की फुस्स… फुस्स ऐकू येत नाही. त्याऐवजी पाणी पडल्याचा आवाज येतोय. दार उघडलं. कुर्ल्यांनी सीमा ओलांडली होती. एक दिल्लीच्या ताब्यातल्या पट्ट्यात तंबाखूच्या डबीवर बसली होती. दुसरी माझ्या "हात लावू नये"ला लोंबकळत होती. तिसरीने एनिमाची नळी मधोमध कापली होती, आणि पेटीतलं पाणी त्या नळीतून उलटं कपाटात येत होतं.

यांनी मला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवली होती. काहीही झालं तरी आधी बटण, मग किंचाळायचं. मोटरचं बटण ओल्या कपाटात. म्हणून मी दाराशेजारचं मोठं बटण बंद केलं. मग किंचाळले.

सासूबाई बादली टाकून वर आल्या, गॅलरीत पेंगणारे मामंजी आत आले. मी नळीचं वरचं टोक चिमटीत धरून बसले होते. पाणी थांबलं होतं, पण हवाही थांबली होती. पेटीतलं पाणी अर्ध्यावर आलेलं. पाचही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. हे यायला अजून दीड तास होता.

मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी माशांकडे बघितलं. मग कुर्ल्यांकडे. मग फळीपलीकडे स्वतःच्या कांद्यांकडे.

"मरूक देव नको," त्या म्हणाल्या.

मी बघतच राहिले.

"बगतंस काय? माझ्या कुर्ल्यांनी मासे मारल्यानी असा चाळीत कोण बोलाक नको. मरूचे आसात तर आपल्या मरणान मरांदेत. फुक!"

मी नळी तोंडात धरून फुंकली. पेटीत बुडबुडे आले. मी दमले तेव्हा सासूबाईंनी नळी घेतली. त्यांनी आयुष्यभर चूल फुंकली होती. त्यांच्या एका फुंकेत मासे पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्या दमल्यावर मामंजी पुढे झाले.

"अवो, तंबाखू आदी थुकान येवा!"

"काय?"

"तंबाखू!"

"माका नको, हा तोंडात."

अशा पाळ्या लागल्या. मधल्या वेळात ज्याचं तोंड मोकळं तो कुर्ल्या पकडत होता. सात सापडल्या. हे कामावरून आले तेव्हा त्यांची आई पेटीशेजारी मांडी घालून, डोळे मिटून, गाल फुगवून नळी फुंकत होती. वडील उलथण्याने कपाटाचे कोपरे उकरत होते. बायकोच्या एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात कुर्ली. यांनी टोपी खुंटीला लावली.

"बटण?"

"बंद," मी म्हणाले.

"हुशार."

गुडघे टेकून त्यांनी डोकं आत घातलं. मीही घातलं. आत सगळं भिजलं होतं, परात काठोकाठ भरली होती. पण बटणांची फळी कोरडी होती. प्रत्येक वायरीच्या पोटावरून थेंब टपकत होता. आठवी कुर्ली मोटरमागे निघाली. यांनी तिला पाठीवर धरून बाहेर सासूबाईंकडे दिलं, नवी नळी जोडली, बटण पुसलं आणि आईला दाराशेजारचं मोठं बटण लावायला सांगितलं. फुस्स… फुस्स सुरू झालं. मग त्यांनी बॅटरी फिरवली आणि सुंभाने बांधलेलं माझं कार्ड दिसलं.

मी लिहिलं होतं, "तुम्हाला मासे खरंच आवडतात का?"

यांनी कार्ड पुसून कोरडं केलं. मग म्हणाले, "आवडतात. तळलेले."

"मग हे सगळं?"

"आधी रेडिओचा विचार होता," हे म्हणाले. "पण रेडिओला एवढं मोठं कपाट लागत नाही. आणि तो ऐकायला सगळी चाळ येऊन बसते." एक वायर उगीचच हातात घेऊन त्यांनी तिचं पोट सारखं केलं. "असं काहीतरी पाहिजे होतं, की ज्यात दोन डोकी मावतील आणि तिसरं कुणी मदतीला येणार नाही."

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "तुमचा काय ता बोलणा आटपा. माका कांदो काडूचो आसा."

हरताळाच्या दिवशी सगळ्या चाळीत आमच्याकडेच कुर्ल्यांचं सांबारं होतं. मामंजी जेवताना म्हणाले, ह्या सीमेवर मारल्या गेलेल्या.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी मोजले तेव्हा पाचाऐवजी चार भरले. पाचवा वाळूवर आडवा. हे शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं शाळेत काच फोडलेल्या मुलांसारखे बघत होतो. सासूबाई आल्या. त्यांनी पेटीत बघितलं, झाऱ्याने मासा काढला, गॅलरीत जाऊन कठड्यावरच्या मांजरापुढे टाकला आणि मांजराचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

आत येऊन म्हणाल्या, "मासो मरूक नाय. मांजरान खाल्लो."

कराराची अट मरणाची होती. मांजराबद्दल त्यात काहीच नव्हतं. पुढच्या काळात त्या मांजराने आमचे पुष्कळ मासे खाल्ले, आणि कपाट आमच्याकडे राहिलं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी मामंजींनी पेढे वाटून झाल्यावर हातोडी घेतली आणि कपाटातली फळी उपटून काढली. कांदे घरंगळत मोटरखाली गेले, आणि यांना दोन संध्याकाळी पुन्हा काम करावं लागलं. ते त्यांनी सावकाश केलं. नंतर मी भोईवाड्यातल्या शाळेत शिकवू लागले, मुलगा झाला, घरातली माणसं एकेक करून गेली. पेटीची काच एका उन्हाळ्यात तडकली. ती पुन्हा बसवली नाही. तोवर आम्हाला कुठेही बोलता येऊ लागलं होतं.

मी आता दादरला दोन खोल्यांत राहते. बाहेरच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, आतल्या खोलीत पलंग. मुलगा रविवारी येतो. मधलं दार उघडं असतं.